सारजाबाईंनी ओळखलेला माणूस

१

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, निमगाव सावाच्या शिवारात भिमाजी स्वतःच्याच कांद्याच्या चाळीत मरून पडले. डोक्यात मागून घाव बसला होता. त्यांची बायको सारजाबाई चहा घेऊन आली होती, ती चाळीच्या तोंडाशी बेशुद्ध पडलेली सापडली. शुद्धीवर आल्यावर तिच्या तोंडून एवढंच निघालं, "कोयता... कोयता व्हता त्याच्या हातात." मारणारा पळाला होता आणि कोयताही घेऊन गेला होता.

साल दोन हजार तीन. भिमाजी म्हणजे नऊ एकरांचे मालक आणि नव्वद एकरांचा ताठा. दोन वर्षांपूर्वी एकुलता एक मुलगा संपत अपघातात गेला, तरी म्हाताऱ्याचा ताठा काही उतरला नाही. कुणाशी दोन शब्द गोड बोलले तर गावात बातमी व्हायची. त्यामुळे ते गेले तेव्हा गावानं हळहळ कमी केली आणि अंदाज जास्त बांधले.

पोलिसांनी मात्र अंदाज बांधायला वेळ घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आळे गावचा नवनाथ उचलला. हा वडापची, म्हणजे खेपेवर प्रवासी नेणारी, जीप चालवायचा. त्या दुपारी त्याची जीप भिमाजींच्या विहिरीजवळ रेडिएटर उकळून उभी होती, आणि पाण्यावरून त्याची नि म्हाताऱ्याची चांगलीच जुंपली होती. बांधापलीकडच्या कोंडाबाईनं ते भांडण कान देऊन ऐकलं होतं. शिवाय नवनाथ पडला बौद्धवाड्यातला. आणखी पुरावा कशाला, असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, पण सगळा कारभार त्याच चालीनं चालला.

ओळखपरेड घ्यायला दंडाधिकारी लागतो. दोन आठवड्यांनी ते काम नायब तहसीलदार इंद्रायणी शेटे यांच्या टेबलावर आलं. बाई पस्तिशीच्या, फटकळ, नियमाला पक्क्या. त्यांनी नवनाथच्या बांध्याची सहा माणसं शोधून त्याच्याबरोबर उभी केली. कुणी कपड्यांवरून ओळखू नये म्हणून सातही जणांना पांढरे सदरे घातले. फौजदार गुंजाळ दारातून डोकवायला लागले, तर दार त्यांच्या नाकावर लावून घेतलं.

सारजाबाई आत आली. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यापुढं ती थांबली. अंगाला असं कापरं भरलं की दोघा पंचांनी धरायला हात पुढं केले.

"ह्योच! ह्योच त्यो! माझ्या दारात उभा व्हता. छातीपासनं खाली रगतानं भिजलेला!"

एवढं बोलून ती कोसळली. चौथा माणूस नवनाथ होता. तो ओरडला नाही, 'मी न्हाई' म्हणाला नाही. नुसता म्हातारीकडं बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पाप बोलतंय," एक पंच पुटपुटला. इंद्रायणीबाईंनी म्हातारीचा शब्द न् शब्द कागदावर उतरवला आणि खाली सही ठोकली.

२

परेडनंतर तिसऱ्या दिवशी नवनाथची बायको प्रज्ञा कचेरीत आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पिशवीतून एक खाकी शर्ट काढला आणि बाईंच्या फायलींवर टाकला.

"तुमीच सही केली ना?"

"मी परेड घेतली. गुन्हा कोर्ट ठरवेल."

"कोर्ट तुमची सही बघूनच ठरवणार, आमचं तोंड बघून न्हाई. ह्यो शर्ट बघा. त्या दिवशी त्यांच्या अंगावर ह्योच व्हता. सगळ्या स्टँडनं बघितलाय. पोलिसांना म्हनलं घिऊन जा, तर न्हेईनात. का न्हेईनात? ठिपका न्हाई ह्याच्यावर रगताचा!"

"तुमचे यजमान काय म्हणतात?"

"त्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. मला म्हनले, बोललो तर आनखी अडकीन." प्रज्ञाचा आवाज आता फाटला. "मॅडम, दोन लेकरं हाईत माझी. शाळंत पोरं त्यास्नी खुन्याची म्हनत्यात. तुमाला झोप लागती का वो?"

असं कुणी बोललं की इंद्रायणीबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. झालाही. पण शर्ट समोर पडलेला होता आणि कोरा करकरीत होता. प्रज्ञा गेल्यावर बाईंनी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला.

"रक्त?" डॉक्टर म्हणाले. "कसलं रक्त, मॅडम! कोयत्याची बोथट पाठ बसलीय. कवटी आतून फुटली. बाहेर कातडी जेमतेम चिरलीय. मारणाऱ्याच्या अंगावर थेंबही उडाला नसेल."

बाईंनी फोन ठेवला आणि आपल्याच अक्षरातला तो कागद पुन्हा काढला. पांढरा सदरा तर आपणच घातला होता. पण छातीपासून खाली रक्तानं भिजलेला माणूस म्हातारीनं कुठून आणला?

३

"तुमचं काम परेडपुरतं, मॅडम," गुंजाळांनी फोनवर सुनावलं. "साक्षीदाराला भेटायला जाऊ नका. वर कळवावं लागेल."

"कळवा. स्पेलिंग नीट लिहा माझं," बाई म्हणाल्या आणि निमगावला गेल्या.

सारजाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. वर भिंतीवर संपतचा हार घातलेला फोटो होता. त्याची सात वर्षांची पोर, समृद्धी, उंबऱ्यात गजगे खेळत होती. तिची आई बाळंतपणातच गेलेली.

"आजी, कोयता कसा होता?"

म्हातारीनं डोळे मिटले आणि जणू समोर धरल्यागत सांगायला लागली. "टोकाला खांड पडल्याली. मुठीला पितळंची कडी. पात्यावर हळदीकुकवाची बोटं, दसऱ्याची. दोन बोटं जवळ जवळ, मग मधी मोकळं, मग एक बारीक."

"आणि अंगात काय होतं त्याच्या?"

"...न्हाई बा ध्यानात."

"चेहरा?"

"चेहरा कसा दिसंल? कोयता माझ्या तोंडापुढं नाचत व्हता की!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच उमगलं. मग मात्र ती खवळली. "तुमी कुणाच्या बाजूनं आलाय? मी वळखलाय त्याला! त्याला बघितल्याबरूबर माझं काळीज फाटलं. काळीज खोटं बोलतं व्हय?"

इंद्रायणीबाईंनी एके काळी मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं. त्या डिग्रीचा नोकरीत कवडीचा उपयोग झाला नव्हता. पण त्यांचे सर वर्गात जे घोकून घ्यायचे ते आता आठवलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, तो भीतीची घंटा वाजवतो. घंटा वाजली की माणूस एकच वस्तू डोळ्यांत साठवतो आणि बाकी सगळं निसटतं. पुढं कधी ओळखीचं काही दिसलं की तीच घंटा पुन्हा वाजते, आणि माणसाला वाटतं आपली खात्री पटली. ओळख खरी असते. ती कुठली, कोणत्या दिवसाची, हे मात्र घंटेला ठाऊक नसतं.

"संपत कसा गेला, आजी?"

"आळंफाट्याला ट्रकनं उडवला. कुनी तरी मयत आनून दिली संध्याकाळच्याला. कोन, कसं, काय बी आठवत न्हाई मला. त्यो दिसच पुसून गेलाय." तिनं तोंड फिरवलं. "जावा आता."

बांधावर कोंडाबाई गवत कापत होती. तीस वर्षं या बांधावरून तिचं भिमाजींशी भांडण होतं.

"मेला त्ये बरं झालं म्हनू का?" बाईंनी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. "पर म्या न्हाई मारला. मारायचा असता तर तीस वरीस थांबले असते व्हय?"

"भांडण काय झालं विहिरीवर?"

"गडी बादली मागत व्हता, गाडीत पानी वतायला. म्हातारा म्हनला, तुज्या हाताला बादली दिऊन मी मागनं काय करू? गडी लई खवळला. 'एवढ्या लवकर इसरला?' म्हनला. तसाच गेला निघून, आळ्याकडं, चालत."

"काय विसरला?"

"मला काय म्हाईत? मी काय त्यांच्यात बसून ऐकत व्हते?"

तिच्या हातातल्या विळ्यावर हळदीकुंकवाच्या चार रेघा अजून पुसट दिसत होत्या. इंद्रायणीबाई त्याकडं बघतच राहिल्या. दसऱ्याला घरची बाई ओल्या हळदीत बोटं बुडवते, कुंकू लावते आणि घरातल्या हत्यारांवर हात ओढते. हे त्यांच्या माहेरीही चालायचं. पण नवनाथच्या घरी? तिथं दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून सगळं घर विहारात वंदनेला जातं, आणि कोयत्याला कुणी हळद लावत नाही.

म्हणजे तो कोयता नवनाथच्या घरातला नव्हताच.

४

भिमाजींच्या घराला लागूनच त्यांच्या धाकट्या भावाचं घर. भाऊ पुण्याला कंपनीत होता. इथं त्याची बायको सखूबाई आणि मुलगा भरत. चुलत्याच्या मागं दहावा-तेरावा भरतनंच केला होता, आणि आता सगळं शेतही तोच बघत होता.

"परेड झाली, माणूस सापडला. आता काय आमच्या घरात शोधताय?" भरतनं दारातच विचारलं. बसा म्हणाला नाही.

"तुम्ही त्या दुपारी कुठं होता?"

"उसात. एकटाच. लिवून घ्या आणि मलाबी उभा करा रांगेत! काकीनं वळखलं तर फाशी द्या." तो हसला. "काकीनं मला अंगाखांद्यावर वाढवलंय. तिनं लाख माणसांत मला वळखला असता."

"खरं आहे. चेहरा दिसला असता तर."

भरतचं हसू गेलं. "चला, निघा. मला वैरण टाकायचीय."

सखूबाई बिचारी ओशाळली. अंगणात आलेली सवाशीण तशीच कशी जाऊ द्यायची म्हणून करंडा घेऊन आली. "तरणा हाय, राग मनात धरू नगा," म्हणत तिनं इंद्रायणीबाईंना हळदकुंकू लावलं. लावलं ते मधल्या बोटानं. अनामिका नव्हतीच. पेरापासून उडालेली.

"हाताला काय झालं?"

"कडबाकुट्टीत गेलं. चार वरसं झाली. आता त्याच्यावाचून सवय झालीया."

इंद्रायणीबाई कचेरीच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यांनी स्वतःचा उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या.

कचेरीत परत आल्यावर त्यांनी तलाठ्याला बोलावलं. "भिमाजींचं काही प्रकरण चालू होतं?"

"होतं की, मॅडम. नातीच्या नावानं बक्षीसपत्र करायचं होतं, सगळ्या नऊ एकरांचं. उतारे घ्यायला दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले होते. पुतण्याच जीपगाडीनं घेऊन आला होता त्यांना. मी उतारे दिले, तोही शेजारीच उभा होता."

कारण मिळालं, कोयता कळला. पण रक्तानं भिजलेला नवनाथ अजून सारजाबाईच्या दारात उभाच होता, आणि तो तिथून हलत नाही तोवर तिची साक्ष त्याला फासावर न्यायला पुरेशी होती.

५

तुरुंगातल्या खोलीत नवनाथ बाकाच्या कडेला बसला. "आता काय ऱ्हायलं, मॅडम? परत वळखायचंय का कुनाला?"

"म्हातारीला बघून तुम्ही रडलात. का?"

तो नखानं बाक खरवडायला लागला.

"तुम्ही भिमाजींना म्हणालात, एवढ्या लवकर विसरला. काय विसरले ते?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग इंद्रायणीबाईंनी हळूच विचारलं, "संपतला घरी तुम्ही आणलं होतं ना?"

नवनाथनं मान वर केली. "कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. तुम्हीच का सांगितलं नाही?"

"सांगून? फौजदार काय म्हनला असता? म्हंजे तुला घर म्हाईत व्हतं, वाट म्हाईत व्हती. आनखी एक कागूद वाढला असता." तो थांबला आणि मग एकदम बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. "फाट्यावर पडला व्हता त्यो. लोकं बघत व्हती गोल करून. पोलिसांच्या लचांडात कोन पडतंय? म्या उचलला. गाडीतली मानसं उतरवली आन त्याला घातला. दवाखान्यात पोचायच्या आत गेला. मग चिरफाड हुईस्तोवर तिथंच बसलो, कारन त्याचं कुनीच आलं नव्हतं. दिवस कलताना घरी आनला. दारात उभा ऱ्हायलो तवा माझा पांढरा शर्ट पार लाल झाला व्हता. म्हातारी बाहीर आली, मागनं म्हातारा. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या शर्टाकडं बघितलं, आन तिला समदं कळलं. नाव कुनी इचारलं न्हाई. म्याबी सांगितलं न्हाई."

"आणि त्या दिवशी विहिरीवर?"

"त्या दिवशी त्याच्याच बापानं मला बादली दिली न्हाई." नवनाथच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं, नुसता जाळ होता. "मी कापलं न्हाई त्याला. पर मनात आलं व्हतं, ते खोटं कशाला सांगू?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणीबाईंनी सगळ्यांना सारजाबाईच्या अंगणात बोलावलं. गुंजाळ दोन शिपायांसह आले आणि घड्याळ बघत उभे राहिले. भरत गोठ्याच्या खांबाला टेकला. सखूबाई जावेशेजारी बसली.

"आजी, कोयत्यावर बोटं कशी होती, ते दाखवा." बाईंनी चुलीतली राख आणून अंगणात पसरली. "तुमच्या हातानं, एका झटक्यात ओढा. जशी दसऱ्याला ओढता तशी."

सारजाबाईनं अंगठा मिटला, चार बोटं राखेत टेकवली आणि ओढली. चार रेघा आल्या. तिनं मान हलवली. "असं न्हाई." पुसलं आणि परत ओढलं. पुन्हा चार. "मधी मोकळं व्हतं..." तिसऱ्या वेळी तिनं करंगळीशेजारचं बोट दुमडून तळहातात घातलं आणि ओढलं. दोन रेघा जवळ जवळ, मग मोकळी जागा, मग एक बारीक.

"अशी," ती म्हणाली. "अगदी अशी."

मग तिची नजर स्वतःच्या दुमडलेल्या बोटावर गेली. ती तशीच बसून राहिली. शेजारी सखूबाईनं उजवा हात पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता.

"सखू," सारजाबाई म्हणाली. "त्यो कोयता तुज्या हातचा पुजल्याला हाय."

"आक्का, मला काय बी म्हाईत न्हाई गं! दसऱ्यापासनं त्यो घावतच न्हाई..."

"आये, गप!" भरत ओरडला.

"टॉवेल बांधला होता ना तोंडाला?" इंद्रायणीबाई त्याच्याकडं वळल्या. "सडके कांदे निवडताना बांधतात तसा? रस्त्यावर दुसऱ्याची जीप उभी, त्याचं भांडण झालेलं. तुला इतकी सोपी दुपार पुन्हा मिळाली नसती. आणि काकीनं दुसऱ्यालाच ओळखलं, तेव्हा तर तुझ्या नवसाला पावलं सगळं."

"नऊ एकर!" भरतच्या तोंडाला फेस आला. "संपत गेल्यापासनं बैलावानी राबलो मी, आन म्हातारा जमीन द्यायला निघाला त्या चिमुरडीला! लगीन करून परक्याच्या घरी जानारीला! कुनी सहन केलं असतं?" मग तो चुलतीकडं वळला आणि त्याचा आवाज बसला. "काकी, तुला हात लावला का मी? लावला का?"

सारजाबाई त्याच्या अंगावर थुंकली.

कोयता वैरणीच्या गंजीत मिळाला. टोकाला खांड, मुठीला पितळेची कडी. पातं घासून पुसलेलं होतं, पण कडीखालच्या फटीत पिवळं उरलं होतं. गुंजाळांनी पंचनामा लिहायला घेतला. बाईंकडं न बघता विचारलं, "मग ओळखपरेडचं काय करायचं, मॅडम?"

"ते माझं चुकलं, असं लिहिते मी. मीच तिच्यापुढं त्याला पांढरा सदरा घालून उभा केला." त्या सारजाबाईजवळ उकिडव्या बसल्या. "आजी, तुम्ही माणूस बरोबर ओळखलात. तो तुमच्या दारात उभा होता आणि रक्तानं भिजलेलाही होता. फक्त दिवस तो नव्हे. ते रक्त कुणाचं होतं, आठवतंय?"

म्हातारीनं आधी बाईंकडं बघितलं आणि मग वर भिंतीवरच्या फोटोकडं. तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

७

नवनाथ सुटला तरी त्याची जीप महिनाभर तिथंच विहिरीजवळ उभी होती. पोलिसांनी पंचनामा करून पोलीस पाटलाच्या ताब्यात दिलेली. ती न्यायला तो आला, तेव्हा कागदावर सही करायला इंद्रायणीबाईही होत्या.

सारजाबाई विहिरीवरून बादली भरून घेऊन आली. दोन्ही हातांनी उचलून ती जीपपुढं येऊन थांबली.

नवनाथनं बादलीकडं बघितलं. मग मागच्या सीटवरून प्लास्टिकचा कॅन काढला, आळ्यातून भरून आणलेला, आणि त्यातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतायला लागला.

"त्या दिशी मी तुजं नाव इचारलं न्हाई, बाबा," म्हातारी म्हणाली.

"आता कशाला? आता पोलिसांनी पेपरात छापून दिलंय की समद्यास्नी."

त्यानं झाकण पिळून लावलं, बॉनेट आपटलं, आत बसला. गाडी चौथ्या झटक्याला सुरू झाली. सारजाबाई हलली नाही. बादलीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडत होतं. तिला जे विचारायचं होतं ते तिनं दोन वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं, कारण विचारायला माणूसच नव्हता.

"त्यो काय बोलला का रं गाडीत? माझा संपत?"

नवनाथनं गिअरवर हात ठेवला होता. हात तिथंच राहिला. इंद्रायणीबाईंना वाटलं आता हा काही न बोलता निघून जाणार, आणि गेला असता तरी त्याला कुणी दोष दिला नसता.

"पानी मागितलं त्यानं," तो समोर बघत म्हणाला. "माझ्या बाटलीत व्हतं तेवढं पाजलं. गाडी बाजूला उभी केली, मांडीवर डोकं घिऊन पाजलं. समदं प्याला."

मग तो निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत सारजाबाई रस्त्यावर उभी होती, भरलेली बादली दोन्ही हातांत धरून.